माझगावची जीप, ओरगडमची डस्टर आणि चार चाकांचं भांडण

मागच्या भागात आपण सैन्याच्या रसदीच्या गाड्यांबद्दल बोललो. त्यानंतर बडोद्याच्या एका प्रेक्षकांनी मला फोन करून विचारलं, "कर्नल साहेब, फोर व्हील ड्राइव्ह म्हणजेच ऑल व्हील ड्राइव्ह ना? मग शोरूमवाला दोन वेगळी नावं आणि दोन वेगळ्या किमती का सांगतो?" बेळगावच्या एका गृहस्थांनी तर भेटल्यावर हेच विचारलं. तेव्हा आजचा भाग त्यावरच. मी चेन्नईत राहतो, आणि या प्रश्नाचं उत्तर शोधायला याहून सोयीचं शहर भारतात नाही. ते कसं, हे पुढे येईलच.

चार आणि चार चाकं दोन्हीकडे सारखीच. इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, हेही दोन्हीकडे खरं. फरक आहे तो पुढच्या आणि मागच्या चाकांमधल्या नात्याचा. ती एकमेकांना घट्ट बांधलेली आहेत, की त्यांना थोडी मोकळीक आहे?

एक हिशोब करू. अडीच मीटर, नेमकं सांगायचं तर २.४५ मीटर व्हीलबेस असलेली गाडी घ्या. ती यू-टर्न घेते आहे आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य ४.५ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळात फिरतो आहे. म्हणजे तो साधारण १४.१ मीटर चालला. पुढच्या अ‍ॅक्सलचा मध्य त्याच वेळात १६.१ मीटर चालतो, कारण पुढची चाकं बाहेरच्या, मोठ्या वर्तुळावर असतात. एका यू-टर्नमध्ये दोन मीटरचा फरक! नेहमीच्या गाडीत एकाच अ‍ॅक्सलला ताकद जाते, दुसरा नुसता घरंगळत येतो, त्यामुळे हा फरक कुणाला जाणवतही नाही. पण दोन्ही अ‍ॅक्सल लोखंडाने एकमेकांना जोडले, की पुढचा म्हणतो मला जास्त फिरायचं आहे आणि मागचा म्हणतो मी इतकाच फिरणार. हे दोन मीटर जाणार कुठे?

चिखलात, वाळूत, बर्फात ते टायरखाली जातात. टायर थोडा घसरतो आणि भांडण मिटतं. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग ताण शाफ्टमध्ये, गिअरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, गाडी उड्या मारल्यासारखी अडखळत वळते, आणि ट्रान्सफर केसचा लिव्हर अडकून बसतो. जुने फौजी ड्रायव्हर अशा वेळी गाडी थोडी रिव्हर्स घेऊन तो ताण सोडवायचे. पुस्तकात कारण वाचायच्या आधीच त्यांच्या हातांना ते ठाऊक होतं.

ही झाली फोर व्हील ड्राइव्ह, जिला पार्ट-टाइम म्हणतात: एरवी मागची दोन चाकं, गरज पडली की लिव्हर ओढून चारही, आणि तेव्हा पुढची-मागची घट्ट बांधलेली. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मधे एक मध्यस्थ असतो. कधी तिसरा डिफरन्शियल, कधी तेलात बुडालेल्या क्लचच्या चकत्या. तो दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो, म्हणून ती गाडी कोरड्या रस्त्यावरही तशीच चालवता येते.

आता इतिहास. १९०३ मध्ये हॉलंडच्या स्पायकर कंपनीने चार चाकांना ताकद देणारी पेट्रोल मोटार बांधली, ती शर्यतीसाठी. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या क्लिंटनव्हिल गावात झाखो आणि बेसरडिक या मेहुण्या-मेहुण्यांनी १९०८ च्या सुमारास अशीच गाडी बनवली. त्यांच्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात चिखल तुडवत फिरले. पण खरी सुरुवात १९४० ची. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कंपन्यांना एका हलक्या टेहळणी गाडीचा तपशील पाठवला आणि नमुना ४९ दिवसांत मागितला. मुदत इतकी वेडी होती, की बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. बँटम नावाच्या डबघाईला आलेल्या छोट्या कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला बसवून आराखडा काढला आणि २३ सप्टेंबर १९४० ला गाडी सैन्याच्या तळावर नेऊन उभी केली. मोठी ऑर्डर मात्र गेली विलीज आणि फोर्डकडे, कारण बँटमचा कारखाना लहान. सरकारी खरेदीत हे असं होतं, फक्त आपल्याकडेच नाही. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीप बनवल्या.

त्या जीपमध्ये मुख्य गिअरबॉक्सला चिकटून दुसरी छोटी पेटी होती, ट्रान्सफर केस. एक दांडी पुढचा अ‍ॅक्सल जोडायला आणि एक दांडी लो रेंजला. लो रेंजमध्ये चाकावरची ओढ जवळपास दुप्पट होते आणि वेग तितकाच कमी. दरीच्या कडेचा उतार ब्रेकवर पाय न ठेवता, इंजिनाच्या जोरावर उतरायचा असेल, तर ही लो रेंज म्हणजे जीव. माझ्या मते फोर व्हील ड्राइव्हचा अर्धा अर्थ चार चाकांत नाही, या लो रेंजमध्ये आहे. शोरूममध्ये हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही.

भारतात जीप मुंबईकडून आली. २ ऑक्टोबर १९४५ ला स्थापन झालेली महिंद्र अँड मोहम्मद ही कंपनी. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि कंपनीचं नाव महिंद्र अँड महिंद्र झालं. विलीजचे सुटे भाग आणून माझगावात जीप जोडली जाऊ लागली. माझगाव म्हणजे गोद्या, गोदामं, भायखळ्याच्या बाजूचे गिरणी कामगार. तिथून निघालेली ही गाडी पुढे कलेक्टर, साखर कारखान्याचे चेअरमन, वनखातं आणि निवडणुकीचे प्रचारक अशा सगळ्यांची झाली. गावात "साहेबांची जीप आली" म्हटलं की पोरं धावायची. तिच्यातली बहुतेक फोर व्हील ड्राइव्हची दांडी आयुष्यात एकदाही हलली नसेल, आणि पुढे पुष्कळ जीप तर नुसत्या मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्याच विकल्या गेल्या.

मद्रासच्या वाट्याला याच काळात एक वेगळीच जीप-कथा आली. काश्मीरची लढाई चालू असताना सैन्याला तातडीने गाड्या हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी २,००० जुन्या, दुरुस्त केलेल्या जीपचा करार केला. त्यातल्या पहिल्या १५५ मद्रासला उतरल्या, आणि तपासणीत वापरण्याजोग्या निघाल्या नाहीत. संसदेत गदारोळ झाला, १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं, आणि १९५६ मध्ये मेनन मंत्रिमंडळात आले. हे नेहमी स्वतंत्र भारताचा पहिला घोटाळा म्हणून सांगितलं जातं. मला त्यात सैनिक म्हणून दुसरी गोष्ट दिसते: बाहेरून जुनी गाडी आणणारा देश रस्त्याच्या टोकाला अडतो. गंमत म्हणा किंवा नियती, त्याच मेनन यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात, १९५९ मध्ये, जबलपूरला जर्मन मान कंपनीच्या परवान्याने शक्तिमान ट्रक बनू लागला. त्यापाठोपाठ जपानच्या निस्सानचे आराखडे आले, वन टन आणि जोंगा. जोंगा हे नाव म्हणजे जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्लीची आद्याक्षरं. निस्सानचं नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

मी परंगीमलईच्या पायथ्याशी, सेंट थॉमस माउंटच्या तळावर प्रशिक्षण घेतलं, तेव्हा त्याला ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल म्हणत. अकॅडमी हे नाव १९८८ मध्ये आलं. पुढे मला डोंगरातली पोस्टिंग मिळाली तेव्हा गाडीचं शिक्षण खऱ्या अर्थाने सुरू झालं. १९९१ पासून सैन्यात मारुती जिप्सी आली: हलकी, पेट्रोलवरची, जोंगाच्या मानाने चिमणीच. तिचा लिव्हर साधा: टू-एच, फोर-एच, एन, फोर-एल. आमचा ड्रायव्हर, हरियाणाचा नायक, बर्फ लागायच्या एक वळण आधी म्हणायचा, "साब, फ्रंट लगा दिया." बर्फ लागल्यावर नाही, आधी. चढ संपून डांबर लागलं, की न सांगता फ्रंट काढायचा. फोर व्हील ड्राइव्ह ही ड्रायव्हरच्या डोक्यातली गोष्ट आहे. यंत्र स्वतः काही ठरवत नाही. एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. साध्या डिफरन्शियलच्या फोर बाय फोर गाडीत खात्री असते ती फक्त पुढच्या एका आणि मागच्या एका चाकाच्या ओढीची. दोन कोपऱ्यांतली चाकं हवेत लटकली, की ती दोनच गरगर फिरतात आणि गाडी जागची हलत नाही. चारही चाकांची खात्री हवी असेल, तर अ‍ॅक्सलमध्ये लॉक लागतं.

मग ही ऑल व्हील ड्राइव्ह आली कुठून? ट्रॅक्टरवाल्याकडून. आयर्लंडचे हॅरी फर्ग्युसन, ज्यांच्या नांगराच्या जोडणीने जगभरची शेती बदलली, त्यांना उतारवयात ध्यास लागला, की रस्त्यावरच्या साध्या मोटारीलाही चारही चाकांनी पकड मिळाली पाहिजे, आणि तीही ड्रायव्हरने कोणतीही दांडी न ओढता. ते १९६० मध्ये वारले. त्यांच्या पद्धतीची जेन्सन एफएफ ही इंग्लिश मोटार १९६६ मध्ये आली. बनल्या अवघ्या ३२०. याच सुमारास फर्ग्युसन हे नाव तमिळनाडूच्या शेतात पोहोचत होतं, कारण चेन्नईच्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसनचे ट्रॅक्टर इथे बनवायला घेतले. चेंगलपट्टूच्या भातशेतात चिखलणी करणारा लाल ट्रॅक्टर आणि लंडनच्या श्रीमंतांची जेन्सन, दोघांच्या मागे एकच माणूस. मला हे फार आवडतं.

१९७० ची रेंज रोव्हर चारही चाकं कायम चालवायची, मधे तिसरा डिफरन्शियल, आणि गरज पडली तर तो लॉक करायची सोय, शिवाय लो रेंजही. म्हणजे दोन्ही घराण्यांचं लग्नच. १९७२ मध्ये जपानच्या सुबारूने साध्या स्टेशन वॅगनला चार चाकांची ताकद दिली. पण जगाचं मत बदललं ते ऑडीने, आणि त्याच्या मुळाशी पुन्हा एक सैन्याची गाडी आहे.

१९७६-७७ च्या हिवाळ्यात ऑडीचे इंजिनिअर फिनलंडच्या बर्फात चाचण्या घेत होते. सोबत जर्मन सैन्यासाठी तयार होत असलेली फोल्क्सवॅगन इल्टिस होती, जेमतेम ७५ अश्वशक्तीची, उंच, ओबडधोबड. ती बर्फात त्यांच्या कितीतरी ताकदवान मोटारींना मागे टाकत होती. यॉर्ग बेनसिंगर या इंजिनिअरने हे पाहिलं आणि वरिष्ठांकडे प्रस्ताव नेला: हेच आपल्या मोटारीत घालू. पहिल्या नमुन्यात मधला डिफरन्शियल नव्हता, इल्टिससारखी घट्ट जोडणी होती. ऑडीच्या इतिहासात एक किस्सा सांगतात. फोल्क्सवॅगनच्या संशोधन विभागाचे प्रमुख फियाला यांच्या पत्नीने तो नमुना व्हिएन्ना शहरात चालवायला नेला आणि परत येऊन तक्रार केली, की गाडी वळताना उड्या मारते. तेच ते दोन मीटर! मग गिअरबॉक्सच्या आतून जाणारा पोकळ शाफ्ट काढून मधला डिफरन्शियल बसवला गेला, आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो उभी राहिली. पुढे रॅलीच्या शर्यतींत तिने काय केलं ते सांगत बसत नाही, त्यावर वेगळा भाग होईल.

त्यानंतर स्वस्त मध्यस्थ आले. एरवी पुढचीच चाकं चालवायची, ती घसरली की संगणकाच्या हुकुमाने क्लचच्या चकत्या आवळून मागच्या चाकांना ताकद पाठवायची. आज बाजारात ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून मिळणाऱ्या बहुतेक मध्यम किमतीच्या गाड्यांमध्ये हेच असतं. रस्त्यावरच्या पावसात, घाटातल्या ओल्या वळणावर, गवताळ चढावर ते उत्तम काम करतं, ड्रायव्हरला काही कळायच्या आत. पण मऊ वाळूत अर्धा तास खणाखणी चालली, की त्या चकत्या तापतात, आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी मागची चाकं सोडून देतं.

आणि आता चेन्नई. ओरगडमला रेनॉ-निस्सानचा कारखाना २०१० मध्ये सुरू झाला. तिथली डस्टर २०१२ मध्ये आली, आणि २०१४ मध्ये तिची ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्ती. तिच्यात एक गोल खटका होता: टू डब्ल्यूडी, ऑटो, लॉक. मागच्या चाकांना ताकद देणारं कपलिंग निस्सानच्या घरचं. म्हणजे ज्या निस्सानच्या आराखड्यावर जबलपूरला दांडीवाली जोंगा बनली, त्याच घराण्याने चार दशकांनंतर ओरगडमला दांडीऐवजी खटका दिला. डस्टरला लो रेंज नव्हती, म्हणून पहिला गिअरच मुद्दाम आखूड ठेवला होता. जुगाड म्हणा हवं तर, पण विचारपूर्वक केलेला. सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी, पाय जमिनीवर असलेली ऑल व्हील ड्राइव्ह म्हणून मला ती गाडी अजून आठवते.

ओरगडमच्या दक्षिणेला, चेंगलपट्टूच्या अलीकडे, महिंद्राचं संशोधन केंद्र आहे, महिंद्र रिसर्च व्हॅली. २०१२ मध्ये डॉ. कलामांनी त्याचं उद्‌घाटन केलं. या एकाच केंद्रात एका प्रश्नाची दोन उत्तरं तयार झाली. एक नवी थार, २ ऑक्टोबर २०२० ला बाजारात आलेली: लिव्हर, टू-एच, फोर-एच, एन, फोर-एल, थेट जीपच्या वंशातली. दुसरी एक्सयूव्ही ७००: बटण नाही, लो रेंज नाही, संगणक ठरवेल तसं. थार बनते नाशिकला, ७०० बनली चाकणला. आराखडा चेन्नईजवळ, घाम आपल्या लोकांचा. शेजारीच २००७ पासून बीएमडब्ल्यूचा कारखाना आहे, तिथूनही ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या निघतात. सैन्याची आठवण म्हणून उत्तरेला एन्नोर आहेच, अशोक लेलँडचं. शक्तिमाननंतर सैन्याचा भार उचलणारा स्टॅलियन ट्रक त्यांचाच.

हे सगळं नुसतं कौतुकाचं नाही. १ डिसेंबर २०१५ च्या रात्री अड्यार नदी पात्र सोडून आली तेव्हा मी नुकताच निवृत्त झालो होतो. विमानतळ काही दिवस बंद पडला होता. आमच्या भागातल्या एका सद्‌गृहस्थांनी बोनेटपर्यंत आलेल्या पाण्यात आपली महागडी गाडी घातली, कारण मागे चार चाकांचा बिल्ला होता. पाण्यात गाडी चालते की नाही, हे चाकांवर ठरत नाही. इंजिन हवा कुठून ओढतं, त्यावर ठरतं. हवेच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलं, की पिस्टन ते दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थारची पाण्यातली मर्यादा ६५० मिलिमीटर दिली आहे, म्हणजे साधारण गुडघ्याच्या थोडं वर. आणि ते संथ, उथळ पाण्यासाठी, वाहत्या पाण्यासाठी नाही. वाहतं पाणी गाडी उचलतं. उचललेल्या गाडीची चारही चाकं काय आणि एक काय. टी. नगरचा दुराईसामी सबवे भरला असेल तर तिथे जनरलची गाडीसुद्धा थांबली पाहिजे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पावसाचा इशारा आल्याबरोबर वेळाचेरीच्या लोकांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावल्या. वाहतुकीची थोडी अडचण झाली, पण मला तो या शहरातला सर्वांत शहाणा लष्करी निर्णय वाटतो.

त्या सद्‌गृहस्थांच्या गाडीचं पुढे आणखी वाईट झालं. पूर ओसरल्यावर टोइंगवाल्याने तिची पुढची चाकं उचलली आणि मागची रस्त्यावर फिरवत गाडी दहा-बारा किलोमीटर नेली. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी अशी नेली, की मधला मध्यस्थ दुसऱ्या टोकाकडून फिरवला जातो आणि भाजून निघतो. इंजिन दुरुस्त झालं, कपलिंगचं बिल वेगळं आलं. अशी गाडी नेहमी सपाट ट्रकवर, चारही चाकं उचलून न्यायची. दांडीवाल्या गाडीत निदान ट्रान्सफर केस एन वर टाकण्याची सोय असते, तरी तिचंही पुस्तक आधी वाचावं.

तसंच टायरचं. एक टायर फुटला म्हणून एकच नवा घेतला, बाकी तीन झिजलेले, तर नव्याचा घेर मोठा आणि तो कमी फेरे फिरतो. साध्या गाडीला फरक पडत नाही. ऑल व्हील ड्राइव्हला मात्र वाटतं, की कुठलं तरी चाक सतत घसरतंय, आणि क्लच सतत काम करत राहतो. टायर चार एकदम बदलावेत, निदान झीज सारखी ठेवावी. आणि ब्रेक? ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, टू व्हील ड्राइव्हलाही. चार चाकांची ताकद गाडी निघायला मदत करते, थांबायला नाही. घाटात धुक्यात हे विसरलेल्या गाड्या दरीत दिसतात.

कोणती घ्यावी, असं विचाराल तर: वर्षातून दोनदा कोकणात जाणाऱ्या, पावसात सातारा-महाबळेश्वर करणाऱ्या कुटुंबाला ऑल व्हील ड्राइव्ह पुरेशी आहे, आणि पुष्कळांना तीही लागत नाही, चांगले टायर लागतात. ज्याचं शेत काळ्या मातीत रस्त्यापासून दोन किलोमीटर आत आहे, त्याने दांडी आणि लो रेंजवाली घ्यावी, आणि ती दांडी महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर हलवत राहावी, नाहीतर गरजेच्या दिवशी ती हलणार नाही.

आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. २०२५ मध्ये आलेल्या टाटाच्या हॅरिअर ईव्हीच्या ऑल व्हील ड्राइव्ह आवृत्तीत पुढे एक मोटार आणि मागे एक मोटार, मधे शाफ्ट नाहीच. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये लोखंडाचा काही संबंध नाही, त्यामुळे त्या दोन मीटरांचं भांडणही नाही. नवल म्हणजे ही कल्पनाही जुनीच. १९०० च्या सुमारास तरुण फर्डिनांड पोर्शे व्हिएन्नात थेट चाकांच्या तुंब्यांत मोटारी बसवून विजेची गाडी चालवत होता. बॅटरी इतकी जड होती, की बिचाऱ्याची कल्पना तिच्या वजनाखाली दबली.

पुढच्या भागात शक्तिमान ट्रकबद्दल सविस्तर बोलू. ज्यांच्या घरात कुणी जबलपूरच्या कारखान्यात काम केलं असेल, त्यांनी मला जरूर कळवावं, मला त्यांच्याकडून ऐकायचं आहे. जय हिंद.